आधी छोटं काम

"अब्बा, परत दोरा बदलला? आत्ताच तर हिरवा लावलेला!"

जन्नत पुस्तक मांडीवर ठेवून हुक टाचत होती आणि बापाचं काम तिला बघवत नव्हतं. कमरोद्दीन मास्टर एकीचा ब्लाऊज जरासा पुढं न्यायचे, की लगेच दुसऱ्याची पँट मशिनखाली. कापड आलं की आधी कात्री लावायची आणि मग सगळ्यांचं थोडं थोडं सरकवत राहायचं, ही त्यांची जन्माची रीत. चौकशीला आलेलं गिऱ्हाईक बोंबलायचं, पण कापलेलं कापड घेऊन जाणार कुठं? औरंगपुऱ्यातलं दुकान त्याच्यावरच चाललेलं.

"कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचंबी असंच असतं," जन्नत म्हणाली. सोमवारी तिचा ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर होता. "प्रोसेसर एक, कामं ढीगभर. मग कुणाला आधी घ्यायचं? आलेल्या क्रमानं घ्या, नाय तर तुमच्यासारखं सगळ्यांना थोडं थोडं द्या. पण दर वेळी काम बदलण्यातच वेळ जातो ना! सगळ्यात छोटं आधी उरकलं, तर सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं. हिशेबच आहे तसा."

"हिशेबानं कपडे शिवत्यात व्हय?" मास्टर करवादले. पण लग्नसराई डोक्यावर, दारात रोजची कटकट. "कर बेटा तुझ्या मनासारखं. माझं डोकं चालंना झालंय."

आणि काय सांगावं, जमलं की! चेन, फॉल-पिको, उसवलेली शिवण, सगळं आल्या दिवशीच शिवून परत जायला लागलं. बायका खूश. फळीवर राहिलं ते एकच, करमाडच्या व्यंकटरावांचं शेरवानीचं कापड. त्यांच्या पोराचं, विश्वजितचं, लग्न होतं. व्यंकटरावांच्या लग्नातला कोट मास्टरांच्या वडिलांनी शिवला होता, त्यामुळं या शेरवानीत मास्टरांचा जीव अडकलेला. "आज घेऊ का?" ते रोज विचारायचे. "हे दोन छोटे होऊ द्या," जन्नत रोज म्हणायची. आणि मेली छोटी कामं काही संपेनात. मास्टरांना जेवण गोड लागेना.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी व्यंकटराव आले. "कमरूभाई, कुठवर आलं?"

मास्टरांनी कापड खाली काढलं. कापडवाल्याकडची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"कात्रीबी नाय लावली?"

"आज हलत नाय मशिनवरून. खुदाकसम, उद्या देतो."

"पोराच्या लग्नात घाईचं काम नको, भाऊ." त्यांचा आवाज चढला नाही, त्याचंच जास्त लागलं. कापड काखोटीला मारून ते पायऱ्या उतरले. एक बाही जरी कापलेली असती, तर थांबले असते.

"मोठं काम उपाशी राहतं असं, अब्बा," जन्नत रडकुंडीला आली. "जे लई थांबलं त्याचा नंबर वर घ्यायचा असतो. पुस्तकात आहे. माझ्या ध्यानातच नाय आलं."

मास्टर तिच्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते उठायचे, बसायचे, रस्त्याकडं बघायचे.

संध्याकाळी व्यंकटराव परत आले, हातात मोठी पिशवी. आत बाजारातून विकत घेतलेली तयार शेरवानी होती. त्यांना नजर वर करवेना. "बाह्या बोटभर लांब झाल्यात, कमरूभाई. दुसऱ्या कुणाकडं न्यायला मन होईना."

मास्टरांनी शेरवानी उलगडली. खांद्यावरून, गळ्यावरून सावकाश हात फिरवला. शिवण चांगली होती. मग त्यांनी मशिनखालचा ब्लाऊज बाजूला काढला.

"बसा, व्यंकटराव," ते म्हणाले, "तुमचं आता छोटंच काम राहिलंय. आधी तेच घेतो."