तिसरा जीव

सर गर्व्हेस टिलबर्न तीस वर्षं पार्लमेंटात विल्टशर परगण्याच्या जागेवर बसत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना एकच गोष्ट हवी होती: आपल्या वाड्यातल्या वाचनालयाच्या खिडकीपासून चर्चच्या मनोऱ्यापर्यंत लिंडनच्या झाडांची सरळ दुहेरी रांग. ती आखायला त्यांनी मला बोलावलं. साखळीने मोजत, खुंट्या ठोकत मी अर्ध्या मैलावर पोहोचलो, आणि अठ्ठेचाळिसावी खुंटी ॲबेल पिनॉकच्या चुलीत येत होती.

ॲबेल सर गर्व्हेसांचं कूळ. त्याचा पट्टा तीन जिवांचा होता, म्हणजे पट्ट्यात नोंदलेल्या तिघांपैकी एक जरी जिवंत असला तरी घर त्याचं. शेवटचा गेला की घर मालकाकडे परत. असा पट्टा असणाऱ्याला मतही देता येतं, आणि ॲबेल प्रत्येक निवडणुकीत सगळ्यांसमोर मोठ्याने सर गर्व्हेसांच्या विरोधातल्या टोरी पक्षाच्या उमेदवाराचं नाव घेई.

कारभारी मिस्टर स्क्रिव्हन यांनी दप्तर काढलं. पहिला जीव ॲबेलचा बाप, तो गेलेला. दुसरा थोरला भाऊ, फ्लँडर्सच्या लढाईत पडला. तिसऱ्या नावाची ओळ उंदरांनी खाल्ली होती. पिनॉकांची चार मुलं पाळण्यातच गेली, त्यांतलंच एखादं असणार, असं स्क्रिव्हननी धरलं आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणापर्यंत घर सोडण्याची नोटीस पाठवली. मला ते पटलं नव्हतं. खाल्लेल्या ओळीत काय होतं हे अंदाजाने कसं ठरवणार? पण मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्याच सकाळी ॲबेल वाचनालयात आला. टोपी हातात, बूट पुसलेले. त्याने टेबलावर आपल्याकडची प्रत ठेवली. पट्टा एकाच कातड्यावर दोनदा लिहितात आणि मधून नागमोडी कापतात, एक तुकडा मालकाकडे, एक कुळाकडे. मी दोन्ही तुकडे जुळवले. कडा केसभरही चुकल्या नाहीत.

स्क्रिव्हननी तिसरं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग पट्टा सर गर्व्हेसांपुढे सरकवला. गर्व्हेस टिलबर्न, वय वर्षे एक, जमीनमालकाचा मुलगा.

"हे तुला माहीत होतं?" सर गर्व्हेसांनी विचारलं.

"हो मालक. बाप सांगायचा."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं कुठं?"

बापाने मालकाचंच पोर का निवडलं, तेही त्याने सांगितलं. बाप म्हणायचा, आमची पोरं निम्मी पाच वर्षांच्या आत जातात. वाड्यातल्या पोराला दूध, मांस, वैद्य, सगळं मिळतं. मी त्या गावची जन्ममृत्यूची वही चाळली होती. बापाचा हिशेब बरोबर होता.

सर गर्व्हेसांनी मग त्याला टेकडीवरचं दगडी घर देऊ केलं, नवा पट्टा, त्याच्या तीन नातवंडांच्या नावाने. ॲबेलने बोटांवर काहीतरी मोजलं.

"नको मालक. पोरांचं काय सांगावं. तुम्ही सत्तावन्न वर्षं टिकलाय, तुमची खात्री झालीय."

स्क्रिव्हन खिडकीबाहेर बघू लागले. सर गर्व्हेस मात्र हसले.

"आणि मत?"

"ते नेहमीसारखंच टोरीला. त्याचा याच्याशी काय संबंध?"

मग सर गर्व्हेसांनी माझा नकाशा ओढला आणि रांग किती वळवावी लागेल ते विचारलं. मी म्हणालो, एक अंश पुरे. पण मग खिडकीतून मनोरा दिसणार नाही, पाद्रीबाबांचं धान्याचं कोठार दिसेल.

"वळव," ते म्हणाले. "पार्लमेंटात तरी आम्ही कोणती रेघ सरळ ठेवली?"

ॲबेल दारापर्यंत जाऊन वळला. "मालक, राग मानू नका. त्या तांबड्या घोडीवरून कुंपणं ओलांडणं आता सोडा. काल ओढ्याजवळ बघितलं मी. जीव नुसता टांगणीला लागला."

सर गर्व्हेस लाल झाले. आपण कशावरून उडी मारावी हे सांगायचा अधिकार या परगण्यात कुणाला नाही, असं ते म्हणाले.

"कायद्याने पाहिलं तर," स्क्रिव्हन हळूच म्हणाले, "त्याला थोडाफार आहे."

दुपारी मी सत्तेचाळीस खुंट्या उपटल्या. ॲबेलने साखळीचं दुसरं टोक धरलं.