बुजवलेली भेग

“गुडघे दुखतील. काय शोधतेस एवढं?” बाबांनी दारातून विचारलं.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर ओणवी होऊन नखाने एक सांधा खरवडत होती.

“काही नाही. बघतेय.”

“बघ, बघ. सरकारी माणूसही बॅटरी मारमारून बघून गेला. एक चीर सापडली नाही त्याला.”

हे त्यांनी अशा ऐटीत सांगितलं की तिला हसू आलं. बाबा जन्मभर गवंडी. दिवसा लोकांची घरं बांधायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं, असं करत त्यांनी हे घर उभं केलं होतं. भूकंपानंतर गल्लीतल्या प्रत्येक घराला कुठे ना कुठे तडा गेला होता. या एकाच घराच्या भिंती नव्या नवरीसारख्या मिरवत होत्या. तिला खटकत होतं ते नेमकं तेच.

तिचं काम नातेवाइकांना धड कधी सांगता आलं नाही. उपग्रह वरून जाताना जमिनीवर रडारच्या लहरी सोडतो, त्या परत येतात. भूकंपाआधीची आणि नंतरची अशा दोन फेऱ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, की जमीन कुठे किती सरकली ते रंगीत पट्ट्यांत उमटतं. ते पट्टे मोजायचे आणि नकाशा करून द्यायचा. एवढ्यात अर्धं आयुष्य गेलं. आत्या अजून सगळ्यांना सांगते, “ती हवामान खात्यात आहे.”

या वेळी नकाशात तिची माहेरची गल्ली आली. गल्लीच्या एका अंगाची जमीन एकीकडे सरकलेली, दुसऱ्या अंगाची उलट दिशेला. मध्ये, जिथे जमीन प्रत्यक्ष फाटली, तिथे पट्टे तुटून नुसता दाणेदार चुरा दिसत होता. तिथलं रडारला काही कळत नाही. तेवढ्या जागेत भेगेची रेघ माणसानेच काढायची, जाऊन बघून. शेतातली भेग गल्लीच्या तोंडापर्यंत स्पष्ट होती, पुढे नवं डांबर पडलं होतं. चुऱ्यात घरं दोनच, बाबांचं आणि शेजारच्या शिंप्याचं. रेघ ज्या घरातून जाईल ते पाडायचं आणि तिथे पुन्हा कुणी बांधायचं नाही, असा नियम निघाला होता.

शिंप्याचं घर ती सकाळीच पाहून आली होती. प्लास्टरवर केसभर चिरा होत्या, बाकी पाया एकसंध.

“बाबा, इथे भेग होती ना?”

“गवंड्याच्या घरात भेग ठेवतात का? लोक तोंडात शेण घालतील.” ते स्टुलावर बसले. “बुजवली. मागची भिंत थोडी उतरवून पुन्हा चढवली. कुणाच्या बापाला कळणार नाही असं काम केलंय.” आपण काय बोललो ते लक्षात येऊन तेच हसले.

ती हसली नाही. रेघ उद्या द्यायची आहे, हे तिने सांगितलं. नियमही सांगितला.

“एवढ्या उंचावरून तुझ्या त्या उपग्रहाला माझंच घर दिसलं?”

“दिसलं नाही, बाबा. म्हणून तर आले.”

“मग रेघ काढ शिंप्याच्या घरातून. तुझ्याच हातात आहे ना? त्याचं काय, मशीन उचललं की कुठेही दुकान.”

“आणि जमीन पुन्हा इथेच सरकली तर? तुम्ही आत असाल.”

“मी आता आहेच किती दिवसांचा!”

तिला रडू येत होतं. ऑफिसात तिने रेघ एकदा शिंप्याच्या बाजूला वाकवून पाहिली होती. इतकी सहज वाकली, की साहेबांनाही शंका आली नसती. तिने ती लगेच पुसली, पण तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

“त्याचं घर चांगलं आहे, बाबा,” ती म्हणाली. “चांगलं बांधलेलं घर पाडायला लावू का?”

बाबा उठून बाहेर गेले. रागावले, असं तिला वाटलं. परत आले ते छिन्नी-हातोडी घेऊन.

“सरक.”

“फोडू नका. नुसतं दाखवा, मी लिहून घेते.”

“नुसतं दाखवून तुझा साहेब मानेल? माझं काम वरून कळत नाही.”

त्यांनी फरशीच्या चारी बाजूंचा सांधा हळूहळू मोकळा केला आणि ती अलगद उचलली. खालचा सिमेंटचा ताजा माल फोडला. भेग भिंतीखाली गेली होती. जोत्याच्या दगडांची सरळ ओळ मध्येच तुटून बाजूला सरकली होती. तिने टेप लावली, दुसरं टोक बाबांनी धरलं.

“वीतभर,” ती म्हणाली.

“वीत आणि वर दोन बोटं. नीट लिही.”

तिने लिहिलं आणि फोटो घेतले. तिचं काम झालं होतं. बाबांनी मात्र शेजारच्या फरशीला छिन्नी लावली.

“पुरे, बाबा. एवढंच हवं होतं.”

“तुझं झालं. पाडायला येतील ते घण घालतील. एक धड राहायची नाही.”

दुसरी फरशीही अख्खी निघाली. त्यांनी ती फडक्याने पुसून भिंतीला टेकवली आणि तिसरीकडे वळले. तिने टेप पिशवीत टाकली, पदर खोचला आणि निघालेली फरशी धरायला त्यांच्यासमोर बसली.