कागदी ताटली आणि तीन गोळ्या

हरणांच्या शिकारीचे दिवस जवळ आले, तशी उर्होने रायफल काढली. नळी साफ केली आणि घोड्याजवळचं तेल पार टिपून घेतलं, कारण मिशिगनच्या थंडीत तेल गोठतं आणि ऐन हरीण समोर असताना रायफल मुकी होते. रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले. मग सिर्काला, आपल्या लेकीला, शेजारी बसवून गाडी खडीच्या खाणीकडे घेतली.

शिकारीच्या कॅम्पवरच्या दोस्तांचा नियम साधा होता. शंभर पावलांवरच्या कागदी ताटलीत तीनपैकी दोन गोळ्या बसल्या तर यायचं, नाहीतर घरी बसायचं. नियम उर्होचाच. गेल्या वर्षी त्याने जिवलग रेइनोलाही गय न करता घरी बसवलं होतं.

सिर्काने ताटली पुठ्ठ्याच्या मधोमध चिकटवली, चार कोपऱ्यांत पितळी खिळे मारून पुठ्ठा ओंडक्यावर बसवला. उर्होने तीन बार काढले. ताटली कोरीच राहिली.

"दुर्बीण हलतेय," तो म्हणाला.

"रेइनोकाकाही हेच म्हणत होते!"

"रेइनो थापाड्या आहे. ही खरंच हलतेय. मार तू, म्हणजे कळेल."

बापाचा उतरलेला चेहरा बघून सिर्काने रायफल हातात घेतली. तिने नेम धरून तीन गोळ्या झाडल्या. पुन्हा ताटली कोरी.

"हलतेय रे बाबा," ती म्हणाली. "माझ्याही गेल्या सगळ्या. नवी दुर्बीण बसवू आणि तू जा खुशाल."

उर्होच्या जिवात जीव आला. तो शीळ घालतच पुठ्ठा काढायला गेला. कडेला बोटं लावली, तर एका कोपऱ्यात खिळ्याच्या जागी गोळीचं भोक. दुसऱ्यातही, तिसऱ्यातही. चौथ्या खिळ्यावर पुठ्ठा लोंबत होता.

त्याला फार वाईट वाटलं. आणि लेकीचा अभिमानही वाटला.

"पोरी," तो म्हणाला, "नेम मुद्दाम चुकवायलासुद्धा डोळे लागतात गं."

सिर्काने मान खाली घातली. "मी कुणाला सांगणार नाही, बाबा."

"मी सांगेन. रेइनोला आधी."

त्याने रायफल रिकामी करून तिच्या हातात दिली आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

"घरापर्यंत तूच चालव," तो म्हणाला. "येताना एक वळण मला दिसलंच नव्हतं."