काट्यांचा ओळंबा

सकाळी साडेसहाला पाळणाघराच्या अंगणातल्या मोठ्या झाडाची फांदी मोडून पडली. मुलं यायला अजून अवकाश होता. घसरगुंडीचा कठडा तेवढा वाकला.

पाळणाघर ताईचं. तिने पहिला फोन बागखात्याला केला आणि दुसरा धाकट्या बहिणीला, कारण धाकटी झाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत बुरशी ओळखण्याचं काम करते. घरात तिला सगळे भिंगवाली म्हणतात.

बागखात्याचा साहेब बघून गेला. फांदीच्या खालच्या अंगाला मळकट पांढरा, बारीक काट्यांचा पापुद्रा पसरला होता. तसाच एक पट्टा खोडावर, जुन्या छाटणीच्या खाली होता. साहेबाचं म्हणणं सरळ होतं. बुरशी मेलेलं लाकूड खाणारी असेल तर वाळक्या फांद्या उतरवू आणि झाड राहू देऊ. जिवंत गाभा पोखरणारी असेल तर उद्या सकाळी करवत. संध्याकाळपर्यंत बुरशीचं नाव कळवा.

ताईचा जीव टांगणीला लागला. पाळणाघराला पत्र्याचं छप्पर, त्यावर त्या झाडाची सावली. सावली गेली की उन्हाळ्यात मुलं भाजून निघणार आणि आई-बाप दुसरीकडची वाट धरणार.

"नीट बघ," ती धाकटीला म्हणाली. "आणि जरा माझ्या बाजूचं निघू दे."

"बुरशीला तुझी बाजू ठाऊक नाही, ताई."

धाकटीने फांदीचा एक तुकडा प्रयोगशाळेत नेऊन भिंगाखाली धरला. मळका पापुद्रा नाहीसा झाला आणि त्या जागी एक दाट रान दिसू लागलं. एकेक काटा तांदळाच्या दाण्याहून आखूड, टोकाला बारीक झालर. त्यातल्या एकाचा पातळ काप करून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जाड भिंतींच्या लांबट पेशी ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या माथ्यावर मिठासारखे खडे जडवलेले होते. असले खडे तिने उभ्या नोकरीत शेकड्यांनी पाहिले होते, तरी ती खुर्चीत सरसावून बसली. एवढी कारागिरी, आणि ती कुणी पाहावी म्हणून केलेली नव्हे.

असे खडे दोन जातींत असतात. त्यांतली कोणती, हे बीजाणू सांगतात, आणि तेच सापडेनात. दुपार त्यातच गेली. शेवटी एका ओलसर काट्यावर चार-पाच मिळाले, लहान आणि लंबगोल. मेलेलं लाकूड खाणारी जात. झाड वाचलं.

ताईला फोन लावणार, तोच खिडकीतलं ऊन तुकड्यावर तिरपं पडलं आणि तिचा हात थबकला. सगळे काटे मध्येच वाकलेले होते, गुडघ्यात वाकावं तसे, आणि एकाच दिशेला.

असे काटे टोकाशी वाढतात आणि नेमके जमिनीकडे वाढतात. म्हणजे बुडाशी जुनी दिशा, टोकाला नवी. फांदी तर आज पडली. एका सकाळीत काटे वाकत नाहीत. ती कित्येक महिने हळूहळू झुकत आली होती. खाली मुलं खेळत होती, ताई त्यांना हाका मारत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. या पापुद्र्याला मात्र जमीन कुठे आहे ते रोज कळत होतं. ना डोळे, ना कान. धाकटीच्या अंगावर काटा आला.

मग तिला खोडावरचा पट्टा आठवला.

पाळणाघराच्या वाटेतल्या बांधकामावरच्या गवंड्याकडून तिने ओळंबा, दोरीला टांगलेलं वजन, मागून आणला आणि खोडात खिळा ठोकून टांगला. दोरीला टेकून भिंग धरलं. काट्यांची टोकं दोरीशी समांतर होती. बुडं मात्र समांतर नव्हती. फरक अगदी केसभर, पण सगळ्यांचा एकाच बाजूला. त्या बाजूला पाळणाघराचं छप्पर होतं.

"नाव काय निघालं?" ताईने मागून विचारलं.

"तुझ्या बाजूचं."

"मग तोंड असं का?"

धाकटीने सगळं सांगून भिंग तिच्या हातात दिलं. ताई बराच वेळ वाकून बघत राहिली. एक काम सांगितलं तर ही दोन घोर लावून जाते, असं काहीसं पुटपुटली. मग भिंगावरचा डोळा न काढता तिने विचारलं, "हे अहवालात लिहायलाच हवं का?"

"हवं."

"अगं, पण जमीन कुठे ते याला कळतं तरी कसं?"

"ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही," धाकटी म्हणाली.

अहवालात तिने जातीचं नाव लिहिलं. खाली लिहिलं की खोडावरचे काटेही वाकलेले आहेत. झाड कलत असेल, किंवा तेवढीच साल लाकडापासून सुटून फिरली असेल. यांतलं कोणतं, ते आज सांगता येत नाही. ताईने कुणी न सांगताच मुलांच्या गाद्या मागच्या खोलीत हलवल्या, छपराच्या त्या टोकापासून लांब. साहेबाचा निरोप आला की करवत तूर्त थांबवली आहे, मुळं तपासायला माणूस येईल. कधी, ते त्याने सांगितलं नाही.

ओळंबा त्यांनी काढला नाही. त्याच्या टोकाखाली फरशीवर ताईने खडूने खूण केली, झाड कललं तर टोक तिच्यावरून सरकेल म्हणून. दिवे लागले तेव्हा टोक खुणेवरच होतं.