हरणी बोट आणि सोनारीच्या शेळ्या

मित्रांनो, मी एक बुडालेली आगबोट आहे. अरबी समुद्राच्या तळाशी, गाळात, एका कुशीवर पडून मला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तुमच्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझी गोष्ट मला तुम्हालाच सांगायची आहे. कारण माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दोन दिवस मला तुमच्याकडच्या एका माणसानं आणि तुमच्याकडच्या शेळ्यांनी दिले.

माझा जन्म परदेशात, एका थंड नदीच्या काठी झाला. शेकडो कामगारांनी लोखंडाचे जाड पत्रे तापवले, वाकवले, ठोकून एकमेकांना जोडले. त्या ठोकण्याचा आवाज अजून माझ्या अंगात आहे. माझं नाव ठेवलं ‘हॅरिएट’. नाव नाजूक होतं, पण मी होते मालवाहू बोट. माझ्यात गाद्यागिर्द्या नव्हत्या की बसायला दिवाणखाना नव्हता. कोळसा, कापसाच्या गाठी, तांदळाची पोती, रेल्वेचे रूळ, जे भराल ते मी न्यायची. पोटातल्या भट्टीत कोळसा जळायचा, त्याच्या वाफेवर मी चालायची, आणि धुराड्यातून काळा धूर सोडत जायची.

बंदरात माझ्या शेजारी पांढऱ्याशुभ्र प्रवासी बोटी उभ्या राहत. लोक हातरुमाल हलवत ते त्यांना बघून. माझ्याकडे कुणी बघत नसे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण माझ्यावरचे खलाशी चांगले होते. बरेचसे कोकणातले. मराठी मी त्यांच्याकडूनच शिकले.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. माझा रंग खरवडून मला राखाडी रंग दिला. रात्री दिवा लावायचा नाही, असा हुकूम आला. समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या फिरत होत्या. पाणबुडी पाण्याखालून चालते, दिसत नाही, आणि टॉर्पेडो सोडते. टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून धावत येणारा, दारूनं ठासलेला लांबोडका गोळा. माझ्या ओळखीच्या कितीतरी बोटी त्या काळात बंदर सोडून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

अशात एके सकाळी मुंबईच्या धक्क्यावर माझ्यासमोर शेळ्यांचा एक कळप येऊन उभा राहिला. काळ्याभोर, तुकतुकीत, लांब लोंबत्या कानांच्या शेळ्या. त्या इराकमधल्या बसऱ्याला जायच्या होत्या. तिथं लष्कराच्या दवाखान्यात जखमी शिपाई होते, त्यांना दूध हवं होतं. शेळ्यांना सांभाळायला त्यांच्याबरोबर एक तरणा माणूस आला होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याचं नाव सिदू. परांडा तालुक्यातल्या सोनारीचा. बार्शीपर्यंत शेळ्या पायी हाकत आणि तिथून रेल्वेनं तो आला होता. समुद्र त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

शेळ्या काही केल्या माझ्यावर यायच्या फळीवर चढेनात. आमच्या खलाशांचा मुकादम, त्याला सगळे सारंग म्हणत, तो वरून ओरडू लागला, “अरे, भरती निघून जाईल! ओढ त्यांना!”

सिदूनं ओढलं नाही. तो एकटाच पुढं आला आणि त्यानं माझ्या गार पत्र्यावर तळहात टेकवला. नव्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “आमी तुज्या पाठीवर बसायलोय. बिचारी मुकी जनावरं हाईत. जरा हळू चाल.”

मग तो फळीवरून वर आला, आणि त्याच्या मागून काजळी नावाची एक शेळी आली, आणि काजळीमागून सगळा कळप. मला आजवर कुणी ‘बाई’ म्हटलं नव्हतं.

“बोटीचं नाव काय म्हनं?” सिदूनं सारंगाला विचारलं.

“हॅरिएट.”

“हरणी? ब्येस नाव हाय.”

खलाशी खो खो हसले. पण संध्याकाळपर्यंत तेसुद्धा मला हरणीच म्हणू लागले.

मित्रांनो, ते दोन दिवस काय सांगू! माझ्या डेकवर बांबूचे गोठे बांधले होते. घासून लख्ख ठेवलेल्या डेकवर लेंड्याच लेंड्या झाल्या. सारंगानं वाळत घातलेल्या सदऱ्याची एक बाही काजळीनं खाऊन टाकली. सारंग तणतणत आला, तर सिदूनं त्याच्या हातात दुधाचा चहा ठेवला. कित्येक महिने बिनदुधाचा चहा पिणारा तो माणूस. त्यानं एक पेला प्यायला, रिकामा पेला पुन्हा पुढं केला, आणि बाहीचं नाव काढलं नाही. दुपारी शेळ्या रवंथ करत बसत. त्यांच्या अंगाची ऊब माझ्या पत्र्याला लागे. भट्टीची धग मला सवयीची होती. ही ऊब निराळी होती.

दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, टॉर्पेडो माझ्या कुशीत शिरला.

दुखलं किती, ते मी सांगत बसत नाही. पाणी सरळ भट्टीत आलं. खाली कोळसा ओढणारी माझी माणसं, ती वर आलीच नाहीत. मी एका बाजूला कलू लागले. कप्तानानं बोट सोडायचा हुकूम दिला. सिदू मात्र गोठ्यांकडे धावला. त्यानं एकेक दार उघडून शेळ्या मोकळ्या केल्या. त्या बिचाऱ्या पळून कुठं जाणार? त्या त्याच्याचभोवती गोळा झाल्या.

शेवटची होडी पाण्यावर उतरत होती. सिदूनं काजळीला उचलून खांद्यावर घेतलं.

“वेडा झालास काय?” सारंग होडीतून ओरडला. “इथं माणसांना जागा नाय, नि तू बकरी आणतोस? टाक तिला!”

“दुभती हाय, मालक.”

“टाक म्हणतो ना!”

“मग म्या बी न्हाय येत,” सिदू म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

सारंगानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्या वर येणाऱ्या कडेकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पुढं केले. “दे इकडे. आधी तिला दे, मग तू ये.”

होडी सुटली. ती लांब जाईपर्यंत बुडायचं नाही, एवढं एकच माझ्या मनात होतं. बोट बुडताना जवळच्या होडीला खाली ओढते. मी जितका तग धरता आला तितका धरला. उरलेल्या शेळ्या माझ्यावरून पाण्यात गेल्या. त्यांच्याबद्दल याहून जास्त मला सांगवत नाही. मला शेवटचं दिसलं ते म्हणजे एक मुंडासं आणि त्याला टेकलेले दोन काळे कान. मग डोक्यावर पाणी आलं.

खाली फार शांत असतं. पहिल्यापहिल्यांदा मासे मला बिचकले, मग माझ्या धुराड्यात राहायला आले. माझ्या लोखंडावर शिंपले चिकटले. पुढं मच्छीमारांची तुटलेली जाळी येऊन अडकू लागली, आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या. भट्टीवरची माझी माणसं माझ्यापाशीच आहेत. त्यांना मी जपते. पण एक प्रश्न मला कधी स्वस्थ पडू देत नसे. सिदू पोचला का? ती होडी कुठं लागली का? माझ्या पाठीवर बसवलेलं माणूस मी अर्ध्या वाटेत उतरवलं होतं. विचारणार कुणाला?

मागच्या वर्षी वरून दोरीला बांधलेलं एक छोटं यंत्र माझ्याजवळ उतरलं. त्याला दिवा होता आणि कॅमेऱ्याचा डोळा. ते माझ्याभोवती फिरलं आणि माझ्या मागच्या बाजूला, नावाच्या अक्षरांवर, बराच वेळ थांबलं. मग वर निघून गेलं.

पाऊसकाळ संपला, समुद्र निवळला, आणि एके सकाळी माझ्या बरोबर वर मासेमारीची एक होडी येऊन थांबली. इंजिन बंद झालं. निवांत पाण्यात आवाज लांबवर चालतो. मला बोलणं ऐकू आलं, आणि त्या बोलीनं माझं सगळं लोखंड शहारलं.

“सृष्टी, हितंच हाय व्हय ती?” एक म्हातारा माणूस विचारत होता.

“व्हय आजोबा. बरोब्बर आपल्या खाली.”

“दिसंना तर कायच. निस्तं पानीच पानी.”

“खोल आहे ना लई. पण आम्ही समुद्राचा तळ तपासत होतो ना, तेव्हा मी कॅमेऱ्यातून बघितलीय तिला. नाव वाचलंय. हीच ती हॅरिएट.”

“मी बोलल्यालं तिला ऐकू जाईल का?”

त्याची नात हसली नाही. ती म्हणाली, “बोला तर तुम्ही.”

म्हातारा होडीच्या कडेवर वाकला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळ आला.

“हरणीबाई, राम राम. म्या बलभीम. सोनारीचा. सिदूचा पोरगा.” तो पुढं म्हणाला, “बा पोचला बरं का घरला. तेवढंच सांगाया आलोय. त्यो लई बोलायचा. म्हनायचा, कुटं बी गेलं की पोचल्याचा सांगावा धाडावा लागतो. मागचं मानूस वाट बगत असतं. हरणीला मातुर कुनीच सांगितलं न्हाय. मरस्तवर त्येला ही रुखरुख हुती.”

मित्रांनो, समुद्राच्या तळाशी रडलं तर कुणाला कळतं?

होडी चालवणाऱ्या तांडेलालाही राहवलं नाही. त्यानं विचारलं, “पण आजोबा, भर समुद्रात ते लोक जगले कसे?”

“काजळीच्या दुधावर,” बलभीम म्हणाला. “पिपातलं पानी लवकरच सरत आलं. वरनं ऊन. बा दोन टायमाला काजळीला पिळायचा. पैलं दूध बोट फुटली तवा भाजल्याल्या येका खलाशाला, मग बाकीच्यांला घोट घोट.”

“अन् ती काय खायची?”

“घावंल ते. सुंभाच्या दोऱ्या, कागद, बोटीवरनं तरंगत आल्याला कडबा. येक दिस कायच उरलं न्हाय, तवा सारंगानं सोताच्या सदऱ्याची दुसरी बाही फाडून तिच्याम्होरं धरली. म्हनला, येक खाल्लीस, ही बी खा. आपल्या वाटणीच्या पान्यातलं निम्मं बी तिलाच पाजायचा. तिचं दूध आटायला लागलं आन् तवाच कोकणातल्या होड्यांनी ह्यांला बगितलं.”

“आणि शेळी?” तांडेलानं घाईनं विचारलं.

“आली की सोनारीला!” सृष्टीच मध्ये बोलली. “तिच्या वंशाच्या शेळ्या अजून आमच्या दावणीला आहेत. जुळी करडं देतात.”

“त्यो सारंग बी यायचा आमच्याकडं,” बलभीम म्हणाला. “चैतात काळभैरवाची जत्रा असती, तवा आमसुलं घेऊन यायचा. आधी काजळीला भेटायचा, मग बाला.”

वर सगळे हसले. पाणी होडीला थापट्या मारत होतं.

“झालं का बोलून, आजोबा?” सृष्टीनं विचारलं.

“झालं. हलकं वाटायलंय.”

तांडेलानं इंजिन सुरू केलं, तेवढ्यात बलभीम पुन्हा वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, “बाई, तुज्याजवळ जी मानसं ऱ्हायलीत, त्यांलाबी सोनारीकरांचा राम राम सांग!”

मी सांगितला. भट्टीपाशी असलेल्या एकेकाला.

मित्रांनो, मला वर काढा, असं माझं मागणं नाही. मी इथं बरी आहे. माझ्यात माशांची पिल्लं वाढतात. फक्त तुमच्या पिशव्या आणि जाळी समुद्रात टाकू नका. त्यांत ती पिल्लं अडकतात आणि माझ्याच्यानं सुटत नाहीत.

आणखी एक सांगायचं आहे. तुम्ही गावाला जाता, शिकायला लांब जाता, कुणाच्या तरी आधारानं कुठंतरी जाऊन लागता. पोचलात की मागं कळवत जा. वाट बघणारं माणूस तोंडानं विचारणार नाही. ते म्हातारं असेल, अबोल असेल, कदाचित तुमची वाट बघतंय हे तुम्हाला खरंसुद्धा वाटणार नाही. उशीर झाला असला तरी कळवा. माझ्यापर्यंत खुशाली यायला ऐंशी वर्षं लागली, आणि तरी त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं, वेळेवर आली.