नवसाच्या कोंबड्याचं अंडं

काळाचौकीत एका कोंबड्याने अंडं घातलं, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण ते अंडं कुशाबाने स्वतःच्या हाताने उचललं होतं आणि ते चांगलं गरम होतं.

कोंबडा काही साधासुधा नव्हता, नवसाचा होता. कुशाबाची बायको रमाबाई गणपतीला गावी गेली, तेव्हा राखणदाराला बोलून आली होती, की सुनेच्या, अनुजाच्या घरात पाळणा हलू दे, शिमग्याला काळा कोंबडा देते. कोकणातला राखणदार म्हणजे हातात काठी घेऊन गावाची सीव राखणारा देव. त्याला दिलेला शब्द मोडायची छाती कुणाची नसते. शिमग्यात आयत्या वेळी काळा कोंबडा मिळणं कठीण, म्हणून कुशाबाचा चुलतभाऊ दौलत याने गावाहून परततानाच एक काळंभोर पिल्लू टोपलीतून आणलं. "कोंबडो आसा. डोळे झाकून वाढव," तो म्हणाला. कुशाबाने खरोखरच डोळे झाकून वाढवला.

त्यांची खोली चाळीच्या तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर तीन पायऱ्या उतरलं, की चाळीची भिंत आणि शेजारच्या नव्या टॉवरची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी होती. तिथे पत्र्याचं खुराडं. रमाबाईचे गुडघे त्या पायऱ्यांना तयार नव्हते, आणि देवाला सोडलेल्या जिवाकडे टक लावून बघू नये असं तिचं स्वतःचं एक शास्त्रही होतं. त्यामुळे कोंबड्याचा सगळा कारभार एकट्या कुशाबाकडे. भिंतीकडेची वाळवी, मोरीजवळचं गवत, उरलेला भात आणि सुक्या बोंबलाची मुंडकी खाऊन तो कोंबडा असा फुगला, की मांजरं त्याला वाट देऊ लागली.

दिवाळीनंतर अनुजाला दिवस गेले. घर आनंदलं. आणि माघात कोंबड्याने अंडं घातलं.

कुशाबाने त्याच क्षणी आत जाऊन सांगायला हवं होतं. नवसाला कोंबडी चालत नाही, दुसरं बघा, एवढंच वाक्य होतं. पण रमाबाई भजनाला गेली होती, अनुजा आणि मुलगा निलेश कामावर, आणि अंडं हातात गरम होतं. त्याने तवा ठेवला. निव्वळ तुलना करून बघावी म्हणून दुकानातलंही एक शेजारी फोडलं. दुकानातलं अंडं तव्यावर पडल्या पडल्या पाण्यासारखं पसरलं, त्याचा बलक फिकट, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. आणि घरचं? ते पसरलंच नाही. जागच्या जागी बसलं, मधोमध शेंदरी बलक असा ताठ, की पदर नसतानाही डोक्यावर काहीतरी घ्यावं असं कुशाबाला वाटलं. पावाचा तुकडा टेकवला तेव्हा कुठे ते फुटलं. घासात तूप होतं, समुद्र होता, लहानपण होतं. दुकानातलं त्याने नंतर खाल्लं. पुठ्ठा चघळला असता तरी फरक पडला नसता.

मग त्याने टरफलं कागदात गुंडाळून नाक्यावरच्या कचरापेटीत टाकली, तोंड तीनदा धुतलं, आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाठ करून बसला.

एक दिवसाआड अंडं येऊ लागलं आणि एक दिवसाआड कुशाबाचा निश्चय मोडू लागला. उद्या सांगू, म्हणायचा. पाण्याचा पाइप खडखडला, की त्याला राखणदाराची काठी ऐकू यायची. देवाच्या ठेवीतलं आपण खातो आहोत, हे त्याला कळत होतं. हे कळत असताना ते अधिकच चवदार लागत होतं, आणि याची लाज तर वेगळीच.

त्यात रमाबाईने एके दिवशी विचारलं, की एवढा वाढलेला कोंबडा आरवत कसा नाही. मुका कोंबडा देव घेईल का? दुसऱ्या दिवशी पहाटे तो पायऱ्या उतरला, खुराड्यामागे बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आरवला. बरं आरवला. इतकं बरं, की आठवडाभरात चाळीने नळाची वेळ त्याच्या आरवण्यावर लावली आणि टॉवरमधल्या अठराव्या मजल्यावरचा एक गृहस्थ त्याच बांगेवर फिरायला उतरू लागला. पुढे कुशाबाला खोकला झाला, तेव्हा शेजारच्या कमलाबाईने मुद्दाम येऊन सांगितलं, की तुमच्या कोंबड्याचा घसा बसलाय, त्याला लसूण आणि मिरी द्या. रमाबाईने लसूण-मिरी वाटून दिली. कुशाबाने ती मुकाट्याने स्वतः खाल्ली. कोंबडी त्याच्याकडे एका डोळ्याने बघत राहिली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण डॉक्टरने अनुजाला रोज अंडं खायला सांगितलं आणि तिला दुकानातल्या अंड्याचा वास सोसेना. उकडलं तरी उलटी, पोळी केली तरी उलटी. पोरगी मोरीत वाकलेली, रमाबाई तिची पाठ चोळतेय, आणि कुशाबा दारात उभा, पोटात मघाशीच खाल्लेलं घरचं अंडं घेऊन. त्या दिवशी त्याला ते पचलं नाही.

आता अंडं सुनेला द्यायचं, तर सगळंच सांगावं लागणार. सांगायचं नाही, तर ते दुकानातल्यांत खपवावं लागणार. दुकानातली पांढरीफटक, आणि हे मातीच्या रंगाचं. लोक पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून विकतात. कुशाबाने तंबाखूच्या डबीतला चुना घेतला आणि गावठी अंड्याला दुकानातलं केलं. बोटं भाजली, पण रंग जमला. ट्रेमधून त्याने ते स्वतःच उचलून उकडायला दिलं. अनुजाने खाल्लं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. काही झालं नाही. तिने आणखी मागितलं.

रमाबाईने सगळं श्रेय दुकानदाराला दिलं. चाळभर सांगत सुटली, की त्याच्याकडचा माल फारच ताजा आहे. रोज ती ट्रे आणायची, निलेशला आणि कुशाबाला अख्खी अंडी वाढायची, आणि ज्याला येता येता तडा गेला असेल ते आपल्या ताटात घ्यायची. कुशाबा हे रोज बघत होता. बघत होता म्हणजे ते त्याच्या डोळ्यांसमोर होत होतं.

आणि खरं सांगायचं तर चुना लावलेलं प्रत्येक अंडं सुनेपर्यंत पोहोचत नव्हतं. एक तिला, एक मला, असा त्याने स्वतःशी समझोता केला होता. तिच्या वाट्याला घरचं नसेल त्या दिवशी अनुजा वासानेच ताट सरकवायची, आणि रमाबाई म्हणायची, आजचं शिळं निघालं.

शिमगा तोंडावर आला. गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी दौलत टोपली आणि सुतळी घेऊन दारात हजर झाला. रमाबाईने हळदकुंकवाची पुडी काढली. कुशाबाने आधी टोपलीकडे बघितलं, मग अनुजाच्या पोटाकडे. देवाला खोटा कोंबडा जाणार होता आणि सुनेचा घास जाणार होता.

"तो कोंबडा नाही," तो म्हणाला. "कोंबडी आहे. माघापासून अंडी देतेय. अनुजाला देत होतो. मीही खाल्ली."

मग दौलत मान खाजवत म्हणाला, की चूक त्याची, त्याच्या घरी एक काळा कोंबडा आहे, अस्सल, शेजाऱ्यांच्या शिव्या खाणारा, तो राखणदाराला देऊ. झालं. दोन महिने कुशाबाच्या छातीवर बसलेला धोंडा दौलतने एका वाक्यात उचलून बाजूला ठेवला.

"मग आरवत कोण होतं?" रमाबाईने विचारलं.

"मी."

अनुजा पोट धरून हसली. दौलतही हसला. कुशाबाला इतकं हलकं वाटलं, की तो सुटलाच. बलक कसा शेंदरी असतो, कसा ताठ उभा राहतो, दुकानातलं त्यापुढे कसं पाणी, हे सगळं तो हातवारे करून सांगू लागला.

रमाबाई पुडी बांधत ऐकत होती. "माझ्या आयेच्या परसात असलीच असायची," ती म्हणाली. "लग्न होऊन इथे आले, त्यानंतर नाही खाल्लं तसं."

एवढंच बोलून ती भात टाकायला आत गेली. आवाजात राग नव्हता. राग असता तर कुशाबाने तो आनंदाने झेलला असता. देवाची भीती त्याने बाळगली, सुनेची काळजी केली, स्वतःची जीभ सांभाळली. चौथं माणूस घरात होतं, हे त्याला आत्ता आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो खुराड्यापाशी गेला. आज पहिलं अंडं रमाबाईचं, चुन्याशिवाय. त्याने हात घातला आणि कोंबडीने कचकन चोच मारली. अंग फुगवून, डोळे वटारून ती रिकाम्या गवतावर बसली होती. खुडूक झाली होती. आता काही आठवडे तरी अंडं नाही.

शिमगा करून गावाहून परतल्यापासून तो रोज पहाटे तिच्यासमोर पाट टाकून बसतो. आरवत नाही. चाळीचं नळाचं वेळापत्रक बिघडलंय, कमलाबाई कोंबड्याच्या तब्येतीची चौकशी करून गेली.

"आलं का हो?" रमाबाई आतून विचारते.

"नाही गो अजून."

"मग या, हे खाऊन घ्या." दुकानातलं उकडलेलं अंडं सोलून ती त्याच्यापुढे ठेवते. गुळगुळीत, अख्खं. तडा गेलेलं तिने आधीच स्वतःच्या ताटात घेतलेलं असतं.