धाकटी उठली तो भाग

माजरीच्या खाण कॉलनीत सत्त्याऐंशी साली रविवारी सकाळी कोण कुठं सापडेल, हे विचारावं लागत नसे. सगळे हरिदास रामटेक्यांच्या क्वार्टरात. हरिदास खाणीत हजेरी बाबू. त्यांच्या घरी टीव्ही होता, आणि टीव्हीवर ती परदेशी चित्रांची, हिंदी बोलणारी मालिका लागायची. आई मेलेल्या दोन बहिणी नावेत बसून नदीनं खाली खाली जातात, समुद्राकाठी कुठं तरी असलेल्या बापाला शोधत. एवढीच गोष्ट. त्यांची परदेशी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून एक मोठी आणि एक धाकटी. धाकटी सदा आजारी. मालिका लेकरांसाठी होती, पण रात्रपाळी करून आलेले दांडगे बाप्ये तोंडावरची काजळी न धुता दारात उकिडवे बसत आणि वर सांगत, "पोट्ट्यायसाठी आलो." पोट्टे तिकडे घरी घोरत असत.

मग आठवडाभर एकच वाद, कोणता भाग चांगला. नळावर बाया तोच वाद घालत आणि खाणीत उतरताना गडी तोच. भागांना नावं नव्हती, ती कॉलनीनं ठेवली. रताळ्याचा भाग म्हणजे ज्यात मोठी आपलं अर्धं रताळं धाकटीला देते आणि पोट भरल्याचं सोंग करते. कुत्र्याचा भाग म्हणजे ज्यात काठानं धावणारं कुत्रं मागे राहतं. हरिदासभाऊंना रताळ्याचा आवडे, त्यांच्या बायकोला, गिरजाबाईला, कुत्र्याचा. शेजारची रुखमाबाई तर कुत्र्याचं नाव काढलं तरी नाकाला पदर लावी.

आणि यशोधरेला सगळेच आवडत. हरिदासभाऊंची ही एकुलती एक लेक, अकरा वर्षांची, पण दिसायला आठची. तिच्या रक्तात सिकलचा आजार होता. तो उठला की हाडं आतून कुणी मोडतंय असं दुखे. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, पोरीला तहानेली ठेवू नका, आणि थंडी, गार पाणी यांपासून जपा. शाळा सुटली होती. खाटेवर पडल्या पडल्या ती प्रत्येक भाग पाठ करी. धाकटीचं दुखणं तिला आपलंच वाटे, यात नवल काय?

सुकलू हा पोंभुर्ण्याकडचा गडी, खाणीत कोळसा भरणारा लोडर, राहायला मागच्याच ओळीत. गावाकडे तो दंडारीत नाचायचा. राजा, राक्षस, राणी, जे कमी पडेल ते सोंग घ्यायचा. बायको-लेकरं गावी, त्यामुळे पाळी सुटली की हा यशोधरेच्या खाटेशी. तिचा एखादा भाग दुखण्यात चुकला, तर तो सुकलूनं सांगायचा, सगळ्यांचे आवाज काढून. पोर दुखणं विसरून हसायची. सुकलूला त्या हसण्याची चटक लागली होती, हे त्यानं स्वतःशी कधी कबूल केलं नाही.

डिसेंबरात यशोधरा पुन्हा दवाखान्यात गेली आणि नेमका त्याच रविवारी धाकटीचा भाग आला. बर्फ पडत होतं, नाव काठाला लागली होती, आणि मोठीच्या मांडीवर डोकं ठेवून धाकटी मेली. तिनं डोळे मिटले, आणि बस्स, संपलं. रामटेक्यांच्या घरात कुणी उठेना. रुखमाबाईच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. चित्रातल्या पोरीसाठी सुतक पाळणारी माणसं असतात, हे माजरीत गेल्याशिवाय पटायचं नाही.

बुधवारी यशोधरा घरी यायची होती. मंगळवारी हरिदासभाऊंनी सुकलूला गाठलं.

"सुकलू, ते मेली म्हणून नको सांगजो. पोरगी स्वतःले तिच्यात पाह्यते."

"मंग काय सांगू, भाऊ?"

"काई बी सांग. तुले काय, उभ्या उभ्या गोष्ट सुचते."

सगळ्या ओळीत निरोप फिरला. पोरांना दम भरला गेला. सुकलूला मात्र चिंता नव्हती. त्यांच्या दंडारीची रीतच अशी होती की, मेलेलं सोंग मेलेलं ठेवून खेळ संपवायचा नाही. राणी मेली तर तिच्यावर पाणी शिंपडायचं. ती उठणार, शेवटच्या गाण्याला सगळ्यांसोबत नाचणार, तेव्हा कुठं गाव उठून घरी जाणार. मढं मांडवात टाकून घरी जाणं अशुभ. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सुकलूची तर मेलेल्याला उठवण्याचीच खोड होती.

बुधवारी दुपारी अंगणात उन्हाला खाट टाकली. यशोधरा गोधडीत बसली, भोवती बाया आणि पोरं. सुकलूनं कमरेला दुपट्टा बांधला आणि सुरू केलं. त्यानं बर्फ पाडलं, नाव काठाला लावली. धाकटीचा श्वास थांबला तेव्हा यशोधरेनं गोधडी मुठीत धरली. मग सुकलू मोठी झाला. त्यानं धाकटीला दोन्ही हातांवर उचललं, नदीत उतरला आणि तिला बुडवलं. एकदा, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा बुडवून काढली आणि धाकटीनं मोठ्ठा श्वास घेतला, तिचे गाल लाल झाले, आणि ती म्हणाली, "दीदी, मुझे भूख लगी है।"

अख्ख्या अंगणानं श्वास सोडला. रुखमाबाईनं डोळे पुसले, जणू रविवारी तिनं हेच पाहिलं होतं.

"पाणी गार होतं, काका?" यशोधरेनं विचारलं.

"बरफच होतं ना पोरी. गार होतं म्हणून तं जीव आला."

उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणाच्याही मनात काही आलं नाही, गिरजाबाईच्याही नाही. पुढच्या रविवारी मोठी एकटी दिसणार, तेवढ्यासाठी सुकलूनं शेपूट जोडलं की, बरी झालेल्या धाकटीला मोठीनं एका म्हातारीकडे शाळेसाठी ठेवलं. झालं, सगळं बेमालूम बसलं. गंमत अशी, की हळूहळू कॉलनीलाही तोच भाग खरा वाटू लागला. नळावर बाया म्हणू लागल्या, "धाकटी उठली तो भाग, त्याची सर कशाले नाई." रताळं मागं पडलं, कुत्रंही मागं पडलं. सुकलूची छाती फुगली. एवढी दाद त्याला दंडारीतही मिळाली नव्हती.

जानेवारी लागला. गारठा असा, की पाळीवर जाणारे गडी तोंडाला मफलर गुंडाळून निघत. एका पहाटे गिरजाबाई नळावर गेली होती आणि हरिदासभाऊ ड्युटीवर. यशोधरेनं गोधडी बाजूला केली, क्वार्टरामागच्या सिमेंटच्या टाक्यात उतरली आणि डोक्यावरून पाणी जाईस्तोवर बसली. तीनदा. गिरजाबाई हंडा घेऊन आली तेव्हा पोर टाक्याच्या कडेला उभी होती, ओठ निळे, दातावर दात आपटत, आणि हसत होती.

"आई, मी बरी झाली," ती म्हणाली.

दुपारपर्यंत तिच्या छातीत कळ उठली. संध्याकाळपर्यंत तिला श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाला, थंडीनं आजार छातीत गेला, आता नागपूरला न्यायचं म्हटलं तरी वाटेत झेपणार नाही. त्याच्या हातात होतं ते तो करत होता.

सुकलू दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तसाच दवाखान्यात गेला. सगळी कॉलनी त्याच्याकडे बघत होती, पण कुणी एक शब्द बोललं नाही. बोलणार तरी कोण? तोच भाग प्रत्येकानं दहा दहा वेळा घोळवला होता. गिरजाबाई खाटेशी बसली होती. तिनं सरकून जागा दिली. यशोधरेच्या नाकात नळी होती. ती बोलली तेव्हा त्याला वाकून कान द्यावा लागला.

"काका, तीनदाच ना? का पाचदा?"

"काय वो बाई?"

"मोठीनं. मी तीनदाच बुडली. माह्यं चुकलं का काई? थोडी बरी झाली की पुन्हा करतो."

दिवसभर तो एकच म्हणत आला होता, पोरीनं ऐकू नये ते ऐकलं, माझ्यामुळे ऐकलं. आता कळलं, की पोर दोष स्वतःला देते आहे. वेदनेनं डोळे पांढरे होत होते आणि ती आपली चूक शोधत होती. हे त्याला सहन झालं नाही. आणि पुन्हा करते म्हणते, तर आता तरी खरं सांगायलाच हवं, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गोष्ट आहे तशी सांगितली.

"तुह्यं काई नाई चुकलं, यशू. मी खोटं सांगतलं. मोठीनं नाई बुडवलं कोणाले. ते मी जोडलं. धाकटी मेली होती."

यशोधरेनं त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

"मंग मोठीनं काय केलं?"

"काई नाई. रडली. मंग नाव चालवत राह्यली."

"एकटी?"

"हो."

तिनं मान वळवली. सुकलू उठून बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर पाळीची वेळ होईपर्यंत बसून राहिला.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, यशोधरा गेली. नदीकाठी त्रिशरण-पंचशील झालं. शेवटचा खांदा सुकलूनं दिला. हरिदासभाऊंनी त्याला जवळ घेतलं. सगळे म्हणाले, आजारच तसला होता, आज ना उद्या न्यायचाच होता. हे खोटं नव्हतं, म्हणून सुकलूला त्याचा काही उपयोग झाला नाही.

रविवारी सकाळी तो रामटेक्यांच्या क्वार्टरासमोर आला. दारात कुणी उकिडवं बसलेलं नव्हतं. टीव्हीवर चादर टाकली होती. हरिदासभाऊ गावी अस्थी घेऊन गेले होते. गिरजाबाईनं त्याला आत बोलावलं.

सुकलू जमिनीवर बसला. "बाई, माह्या तोंडानं मारली पोरगी," तो म्हणाला. "मले शिव्या द्या."

"कायच्या शिव्या देऊ, भाऊ?" गिरजाबाईचा आवाज कोरडा होता. "खोटं सांगाले आमीच लावलं होतं तुमाले. मी तिथीच बसून होती. गार पाण्याचं बोलले तवा मलेच नाई सुचलं, तं तुमाले कुठून सुचते? त्याचा राग नाई मले."

सुकलूनं मान वर केली.

"पण खरं काऊन सांगतलं?" ती म्हणाली. "त्या दिवसापावतर रोज इचारे, आई, मी बरी होईन ना? अन् मी म्हणो, होशीन. दुखण्यात इचारे, झोपीत इचारे. तुमी बोलून गेले, त्याच्यावर दोन दिवस जित्ती होती. एकदाही नाई इचारलं."

गिरजाबाई उठली, आत जाऊन तिनं चहा ठेवला, कप आणून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि समोर बसली. त्याला तो प्यावा लागला.